पोवारांचं घट्ट पाणी आणि माझं आरएल

डॉक्टरांच्या पोटात किस्से साचतात ते पेशंटच्या छातीत पाणी साचावं तसे. वेळच्या वेळी काढले नाहीत तर दम लागतो! म्हणून रविवारी सकाळी आम्ही चार-पाच डॉक्टर कुणाच्या तरी गच्चीवर जमतो आणि एकमेकांचं पाणी काढतो. सर्जन लोक आपल्या ऑपरेशनांच्या फुशारक्या मारतात, बाळंतपणवाले नवऱ्यांच्या गमती सांगतात. माझी पाळी आली की आमचा भूलतज्ज्ञ मित्र चहाचा कप खाली ठेवतो आणि विचारतो, "शेटे, यातसुद्धा पोवार येणारच का?"

येणारच! त्याला मी काय करू? शाहूपुरीतल्या एका हॉस्पिटलच्या छोट्याशा आयसीयूत मी आणि डॉ. यशवंत पोवार नव्वदच्या दशकापासून एकत्र. दोघंही फिजिशियन. मी जयसिंगपूरच्या कापड दुकानदाराचा मुलगा, तो पन्हाळ्याच्या पायथ्याच्या शेतकऱ्याचा. मी त्याला सीनिअर. हे शेवटचं वाक्य मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. सेप्सिसच्या पेशंटला सलाईन कुठलं लावायचं! सेप्सिस म्हणजे जंतूंचा विखार सगळ्या अंगात भिनणं. रक्तवाहिन्या सैल पडतात, पाझरायला लागतात, बीपी कोसळतं. अँटिबायोटिक तर द्यायचंच, पण त्याबरोबर शिरेतून भराभर पाणी भरावं लागतं. ते पाणी कुठलं? मी आरएलवाला. रिंगर लॅक्टेट. साधं, जुनं, क्षारांचं पाणी, प्लास्टिकच्या बाटलीतलं. पोवार स्टार्चवाला. स्टार्च म्हणजे पिष्ट मिसळलेलं दाटसर पाणी, नव्या जमान्याचं, काचेच्या बाटलीतलं. शिरेतून लवकर पाझरत नाही अशी त्याची ख्याती. त्यानं किडनी दुखावते अशी मला शंका होती. पोवारला शंका नव्हती. पोवारला शंका कशाचीच नसायची.

आता मित्रांपाशी काय लपवायचं? मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. लोक दारातून आत यायच्या आधीच विचारायचे, "पोवार डॉक्टर हाईत काय?" माझं नाव घेऊन आयसीयूच्या दारात आलेला पहिला माणूस विमा एजंट निघाला! मरणाला टेकलेला पेशंट घेऊन कुणीतरी धावत यावं आणि म्हणावं, "शेटे डॉक्टरच पाहिजेत." एकदाच. माझी तेवढीच इच्छा होती. शिवाय हॉस्पिटलचे मालक, आम्ही त्यांना मोठे सर म्हणायचो, ते थकत चालले होते. आयसीयू ते आमच्यापैकी एकाच्या हाती देणार, हे भिंतींनासुद्धा माहीत होतं.

*

नातेवाइकांना सेप्सिस समजावून सांगणं हा माझ्या अभिमानाचा विषय. मी त्यांना खुर्ची द्यायचो, पाणी विचारायचो, कागदावर रक्तवाहिनीचं चित्र काढायचो. ते मान डोलवायचे. सगळं ऐकून झालं की हळूच विचारायचे, "पोवार डॉक्टर कवा येत्यात?"

पोवारची पद्धत वेगळी. दार खाडकन उघडून तो बाहेर यायचा आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं ओरडायचा, "कोण हाय म्हातारीचं? या फुडं! ऊस किती हाय?"

"दीड एकर."

"मोटर हाय?"

"हाय की."

"हां. मग ऐका. मोटर म्हंजे काळीज. मोटर चालू हाय. विहिरीत पाणी हाय. पर पाट जागोजाग फुटलाय! पाणी बांधातच जिराय लागलंय, उसापतूर पोचंना. आता मी असलं घट्ट पाणी सोडतो, जे जिरायचंच न्हाय. कळलं?"

"कळलं की!" चारजण एका सुरात म्हणायचे आणि समाधानानं तंबाखू मळायला खाली जायचे.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. स्टार्चचं सोडा, पण पाट? पाट मला का सुचू नये? मी काय पाट बघितला नव्हता? शेवटी एकदा मनाचा हिय्या केला. कागलकडचे एक गृहस्थ भावाला घेऊन आले होते. पोवार सुट्टीवर आहे याची खात्री करून मी त्यांना म्हणालो, "हे बघा, मोटर चालू आहे, विहिरीत पाणी आहे, पण पाट फुटलाय."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डॉक्टर, तुमचा ऊस किती?"

"ऊस नाही. आमचं जयसिंगपूरला कापडाचं दुकान आहे."

"मग कापडाचंच सांगा की!"

मी खूप विचार केला. कापडात बसेल असा सेप्सिस मला आजतागायत सापडलेला नाही.

*

काचेच्या बाटलीनं तर आयसीयूत वेगळीच आग लावली. पोवारच्या पेशंटच्या स्टँडला काचेची बाटली, माझ्या पेशंटच्या स्टँडला प्लास्टिकची. नातेवाईक काचेच्या दारातून आत बघणार आणि तुलना करणार. गडहिंग्लजकडच्या एका किराणा व्यापाऱ्याला, आण्णांना, पायाच्या जखमेतून सेप्सिस झाला होता. दोन मुलगे आणि एक जावई बाहेर बसून. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही माझ्यासमोर उभे.

"डॉक्टर, शेजारच्या बेडला काचंची बाटली. आमच्या आण्णांना प्लास्टिकची का म्हणून? आम्ही काय कमी हाय?" थोरला म्हणाला.

"मी कालच म्हणलो हुतो," जावई म्हणाला. जावयानं ते सासरच्या लोकांना कमी लेखण्यासाठी म्हटलं होतं, आणि ते लागलंही होतं.

मी खुर्ची दिली, चित्र काढलं. बाटली कशाची हे महत्त्वाचं नसून आत काय आहे ते महत्त्वाचं, हे समजावलं. थोरल्यानं चित्राकडं बघितलं सुद्धा नाही. आण्णांचं बीपी सुधारत होतं, लघवी चांगली होत होती, आणि तिघांच्या चेहऱ्यावर मात्र आण्णांवर अन्याय होतोय असा भाव. जावई तर सांगलीला हलवायचं बोलायला लागला.

तेव्हा मला आठवलं की एका कंपनीचं आरएल अजून काचेच्या बाटलीत येतं. खालच्या मेडिकलवाल्याला सांगून ते मागवलं. आत तेच पाणी, बाहेर काच! बाटली स्टँडला चढली आणि तिघांचे चेहरे असे खुलले, जणू आण्णा उठून दुकान उघडायला निघाले. "आता कसं!" धाकटा म्हणाला.

एवढ्यात पोवार राउंडला आला. बाटली बघून दारातूनच ओरडला, "व्वा! शेटेसाहेब सुधारले!"

तो जवळ गेला, वाकला, लेबल वाचलं. सरळ झाला. माझ्याकडं बघितलं. तिघं नातेवाईक त्याच्या तोंडाकडं बघताहेत, आणि मी मनातल्या मनात कुलदैवताचा धावा करतोय. पोवार त्यांच्याकडं वळला आणि आणखी मोठ्यानं म्हणाला, "लई भारी बाटली हाय ही! माझ्याकडं बी न्हाय!"

म्हणजे खोटं बोलण्यातही हा माझ्या पुढं! आण्णा बरे होऊन घरी गेले. जाताना जावयानं रिकामी बाटली मागून घेतली.

*

आमचे राउंड वाटून घेतलेले होते. सकाळी मी, संध्याकाळी तो. त्यामुळे एकाच पेशंटला सकाळी आरएल आणि संध्याकाळी स्टार्च. आपण कुणाच्या पक्षात आहोत हे पेशंटलाही कळायचं नाही. मी त्याची बाटली काढायला सांगायचो, तो माझी. मधल्यामध्ये सिस्टर लोखंडे वैतागायच्या. आयसीयूच्या इनचार्ज. त्यांना मोठे सरसुद्धा वचकून असायचे.

सिस्टरांनी एक दिवस दोन्ही बाटल्या एकाच स्टँडला टांगल्या आणि मध्ये एक तोटी बसवली. तोटी फिरवली की पाहिजे ती बाटली चालू. पोवार जिन्यातूनच कुणाला तरी हाका मारत यायचा. त्याचा आवाज आला की तोटी स्टार्चकडं. मी मुकाट्यानं येणारा माणूस, कधी दारात उभा राहीन ते कळायचं नाही, म्हणून एरवी तोटी आरएलकडंच ठेवलेली असायची. माझ्या बाजूनं जे काही पाणी त्या आयसीयूत वाहिलं, ते माझ्या गप्प चालण्यामुळं!

हे आम्हाला कळलं कसं? एकदा पोवारचा घसा बसला. तो आणि मी गेटवर भेटलो आणि जिना बरोबरच चढलो, दोघंही गप्प. दार उघडलं. सिस्टर स्टँडपाशी, हात तोटीवर. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पोवारकडं बघितलं. तोटी जरा इकडं, जरा तिकडं. आम्ही दोघंही त्या तोटीकडं टक लावून बघतोय.

सिस्टरांनी दोन्ही बाटल्या बंद केल्या.

"बीपी चांगलं हाय, लघवी झ्याक हाय," त्या म्हणाल्या. "दोघांचंबी पाणी बास झालं. चहा ठेवलाय, घ्या आणि जावा."

पेशंट दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेला. तो कुणाच्या पाण्यानं बरा झाला यावर मी आणि पोवार पुढं कितीतरी दिवस वाद घालत होतो. सिस्टरांना विचारलं असतं तर लगेच निकाल लागला असता, पण विचारायचं धाडस दोघांनाही झालं नाही.

*

मग स्टार्चच्या कंपनीनं पन्हाळ्यावर डॉक्टरांसाठी व्याख्यान ठेवलं. वक्ता कोण? पोवार! मी त्यांच्या रिप्रेझेंटेटिव्हला गाठलं. मुलगा सालस होता. म्हटलं, "या विषयात मीही थोडंफार वाचलंय. मला का नाही बोलावलं?"

"सर, तुम्ही फार खोलात जाता," तो म्हणाला. "लोक वर येत नाहीत परत."

हॉल भरलेला. बाहेर धुकं, आत मटणाचा वास. पोवारनं पहिली स्लाइड लावली आणि म्हणाला, "ह्ये इंग्लिश तुम्ही घरी जाऊन वाचा. मुद्दा काय हाय, पाट फुटलाय!" टाळ्या! एमडी झालेली माणसं टाळ्या वाजवत होती. ज्यांनी जन्मात उसाला पाणी पाजलं नाही तेसुद्धा वाजवत होते. माझ्या शेजारी बसलेल्या हाडांच्या डॉक्टरनं माझ्या कानात विचारलं, "केवढं सोपं करून सांगतो नाही?" मी पाणी प्यायलो.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं. मी उठलो, माइक घेतला. "स्टार्चचे कण किडनीत अडकून बसत असतील तर काय? सेप्सिसमध्ये किडनी आधीच संकटात असते. स्टार्च दिलेल्या पेशंटांपैकी कितीजणांची लघवी कमी झाली, याचा कुणी हिशेब ठेवलाय का?"

रिप्रेझेंटेटिव्हनं पोवारकडं बघितलं, पोवारनं छताकडं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी पोवारला निरुत्तर केलं होतं! मी माइक धरून उभा, उत्तराची वाट बघत.

मागून मोठ्या सरांचा आवाज आला, "शेटे, प्रश्न लई चांगला हाय. पर रस्सा गार व्हाय लागलाय!"

हॉल रिकामा झाला. माझ्याकडं गाडी नव्हती, त्यामुळे परतताना पोवारच्याच जीपमधून यावं लागलं. सगळा घाट तो शीळ घालत होता.

*

दोन हजार सालानंतर मोठ्या सरांनी खरंच निवृत्तीचं मनावर घेतलं. आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. समोर चहा, बिस्किटं. म्हणाले, "एकच प्रश्न विचारतो. बीपी पडलेला सेप्सिसचा पेशंट दारात आलाय. पहिली बाटली कुठली लावणार? शेटे, तुम्ही सीनिअर. तुम्ही आधी बोला."

सीनिअर! मोठ्या सरांच्या तोंडून! मी सावरून बसलो. या प्रश्नाची तयारी माझी कॉलेजपासूनची. मी क्षारांच्या पाण्यापासून सुरुवात केली, जिलेटिनवर आलो, अल्ब्युमिनचा इतिहास सांगितला, स्टार्चच्या कणांचा आकार सांगितला. नुसत्या नॉर्मल सलाईनचा अतिरेक झाला तर रक्तातलं आम्ल कसं वाढतं तेही सांगितलं. सरांनी डोळे मिटले. मला वाटलं, मन लावून ऐकताहेत.

मी थांबल्यावर सरांनी डोळे उघडले. "पोवार, तुमचं काय?"

"जी हाताला घावंल ती, सर," पोवार म्हणाला. "पर आत आल्याबरोबर, जोरात. बाटली निवडत बसलो तर पेशंट जाईल."

मोठे सर हसले. त्यांनी बिस्किटांची बशी पोवारकडं सरकवली, आणि तिथंच मी काय ते ओळखलं.

मला संताप कशाचा आला सांगू? ते बरोबर होतं! पहिल्या काही तासांत पाणी पोटभर मिळणं महत्त्वाचं, हे मलाही ठाऊक होतं. मी ते माझ्या बोलण्याच्या शेवटी सांगणार होतो, समारोप म्हणून. पोवारनं तेच पहिल्यांदा सांगितलं आणि पुढचं काही सांगितलंच नाही.

आयसीयूच्या दारावर पितळी पाटी लागली. डॉ. यशवंत पोवार, प्रमुख. घरी येऊन मी जेवताना पोवारबद्दल बोललो, जेवण झाल्यावर बोललो, बडीशेप खाताना बोललो. माझी बायको निपाणीकडची, मोजकं बोलणारी. ती ताटं उचलता उचलता म्हणाली, "अहो, तुम्ही पोवारांचं नाव जितक्या वेळा घेता ना, तितकं त्यांच्या बायकोनं मंगळागौरीच्या उखाण्यातसुद्धा घेतलं नसेल!"

*

प्रमुख झाल्यावर वर्ष-दोन वर्षांनी पोवारचा एक पेशंट बिघडला. शिरोळकडचा तरुण शिक्षक, मांडीतल्या गळवातून सेप्सिस. पोवारनं स्टार्चच्या बाटल्या लावल्या, बीपी झटक्यात वर आलं, सगळे खूश. आणि लघवी बंद झाली.

मी सकाळी राउंडला गेलो तर पोवार स्टूल घेऊन बेडच्या कडेला बसलेला. खाली टांगलेल्या लघवीच्या पिशवीकडं बघत. पिशवी कोरडी. त्याला तसं गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बोलायला तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, "बोला शेटेसाहेब. इतक्या वर्साचं साठलंय, बोलून टाका."

वास्तविक हा माझा दिवस होता. पण त्याच्याकडं बघून माझ्या तोंडून निघालं, "सेप्सिसमध्ये किडनी तशीही बसते. बाटलीनंच बसली असं कोण सांगणार?"

"ह्ये मला बरं वाटावं म्हणून म्हणालाय, का खरं हाय म्हणून?"

"दोन्ही."

तो पुन्हा पिशवीकडं बघायला लागला. त्या शिक्षकाला डायलिसिसला नेलं. बरेच दिवस गेले, हळूहळू लघवी सुरू झाली आणि तो वाचला.

घरी जायच्या दिवशी सगळं कुटुंब आलं. बायको, आई, शाळेचे हेडमास्तर. सगळे पोवारच्या पाया पडले. पेढे वाटले. म्हातारीनं पोवारच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. त्याच दिवशी माझाही एक सेप्सिसचा पेशंट घरी चालला होता. ना डायलिसिस, ना काही, आपल्या पायानं चालत! त्याचा भाऊ माझ्यापाशी आला. मी नकळत पाय जरा पुढं केले.

"डॉक्टर," तो म्हणाला, "लिफ्ट चालू हाय काय?"

ज्याच्या हाती ससा तो पारधी, दुसरं काय!

*

त्या दशकाच्या शेवटाला परदेशी जर्नलांतून स्टार्चबद्दलच्या शंका उघडपणे छापून यायला लागल्या होत्या. मी ती पानं पोवारच्या टेबलावर ठेवायचो. तो त्यांच्यावर चहाचा कप ठेवायचा.

एका दुपारी पोवारची जीप हॉर्न वाजवत थेट पायऱ्यांपर्यंत आली. मागच्या सीटवर त्याची आई. लघवीच्या जंतुसंसर्गानं दोन-तीन दिवस थंडी वाजून ताप, आणि म्हातारीनं कुणाला सांगितलं नव्हतं, पोराला कामं असतात म्हणून. बीपी लागत नव्हतं. हाक मारली तर नुसतं हुं.

पोवारनं तिला स्वतः उचलून आत आणलं आणि बेडवर ठेवलं. आमची सगळी फौज धावली. साहेबांची आई! सिस्टर लोखंडे स्टार्चची काचेची बाटली हातात घेऊनच उभ्या होत्या. "सर, ही लावू ना?"

पोवारचा हात आईच्या कपाळावर होता. तो वर न बघता म्हणाला, "मला काय इचारतासा? शेटे डॉक्टरास्नी इचारा. केस त्यांची हाय."

"पण सर, तुम्ही..."

"मी आज पेशंटचा पावणा हाय," पोवार म्हणाला. आईच्या कपाळावरचा हात काढला आणि दार ओढून बाहेर गेला.

मरणाला टेकलेला पेशंट घेऊन कुणीतरी धावत आलं होतं आणि त्यानं माझं नाव घेतलं होतं. इतकी वर्षं जे ऐकायला कान आसुसले होते ते हेच. आणि आता वाटत होतं, नसतं घेतलं तर बरं झालं असतं. म्हातारी गेली तर? सिस्टर बाटली धरून माझ्याकडं बघत होत्या.

"ती खाली ठेवा," मी म्हणालो. "आरएल. दोन्ही हातांना. जोरात सोडा."

ती दुपार आणि ती संध्याकाळ मी तिथून हललो नाही. बाटली संपत आली की सिस्टरांची वाट न बघता मीच दुसरी चढवायचो. अँटिबायोटिक गेलं, बीपी रेंगाळत रेंगाळत वर आलं. दिवेलागणीला पिशवीत लघवी दिसली. मी स्टूल घेऊन तिच्याकडं बघत बसलो.

पोवार आत आला तो भेटीच्या वेळेत. पास घेऊन! इतर नातेवाइकांच्या रांगेत उभा राहून. वॉचमन "साहेब, तुम्ही कशाला रांगेत?" म्हणाला तर त्याच्यावरच खेकसला. माझ्यासमोर येऊन हात पाठीमागं बांधून त्यानं विचारलं, "डॉक्टर, कसं हाय पेशंटचं?"

मी त्याला खुर्ची दिली. चित्र काढलं. रक्तवाहिन्या कशा सैल पडतात, पाणी कसं पाझरतं, किडनीला किती जपावं लागतं, पुढं काय काय होऊ शकतं, सगळं सांगितलं. त्यानं मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा तो पहिला नातेवाईक.

म्हातारी वाचली. किडन्या ठणठणीत, डोकं त्याहून ठणठणीत. घरी जायच्या दिवशी ती लुगडं नीट खोचून बेडवर पाय सोडून बसली होती. मी, पोवार, सिस्टर लोखंडे शेजारी उभे. तिनं पोवारला जवळ ओढलं आणि सिस्टरांना म्हणाली, "माझ्या यशवंतानं मला मरणाच्या दारातनं वडून आणली बघा."

पोवारनं माझ्याकडं बघितलं. "आई, मी न्हाय. ह्ये शेटे डॉक्टर. सगळं ह्यांनीच केलं."

म्हातारीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ह्ये डॉक्टर हाईत व्हय? मला वाटलं, बाटल्या बदलाय ठेवल्यात."

"अगं आई, खरंच सांगतोय. मी तर भाईर बाकड्यावर बसून हुतो!"

"गप!" म्हातारी त्याच्यावर ओरडली आणि सिस्टरांकडं वळली. "ल्हानपणापास्नं ह्यो असाच. सवताचं कवतिक करून घ्याय येतच न्हाय ह्येला!"

सिस्टर लोखंड्यांना एकाएकी खोकला आला आणि त्या तोंडाला रुमाल लावून बाहेर गेल्या.

म्हातारीनं माझा हात धरला. दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. "पावणं, तुमचं आईबाप हाईत न्हवं?"

"आई आहे. जयसिंगपूरला."

"मग ऐका. तिला कवा माझ्यासारखं झालं, तर हितं-तितं हिंडत बसू नका. नाव ध्यानात ठेवा, यशवंत पोवार. सरळ त्येच्याकडं आणायचं. माझं नाव सांगा, न्हाय म्हणायचा न्हाय."

पोवार खिडकीतून बाहेर बघत होता.

"आणतो की," मी म्हणालो.